धूम्रपानमुक्ती आणि मालकाची थैली

व्यसनमुक्ती हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न आहे असे समजणाऱ्या प्रत्येक कारखानदाराने, अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या ८७८ धूम्रपायी नोकरांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचा वृत्तान्त अवश्य वाचावा. त्यात एका गटाला धूम्रपानमुक्तीच्या वर्गांची नुसती माहिती दिली. दुसऱ्याला त्या माहितीबरोबरच वर्ग पुरा केल्यास १००, सहा महिन्यांत सिगारेट सुटल्यास २५० आणि पुढचे सहा महिने ती सुटलेलीच राहिल्यास ४०० डॉलर इनाम मुक्रर केले. आणि कोणाच्या शपथेवर विसंबून न राहता, निकोटिनपासून शरीरात बनणाऱ्या कोटिनिनसाठी लाळ वा मूत्र तपासूनच सिगारेट सुटल्याची खातरजमा केली. वर्षाच्या सुमारास इनामाच्या गटातील १४.७ टक्के लोक मुक्त होते, नुसती माहिती मिळालेल्या गटातील अवघे ५. इनाम थांबल्यानंतर हेच आकडे ९.४ आणि ३.६ वर आले. पुष्कळजण पुन्हा घसरले हे खरे, तथापि अंतर टिकले, आणि ते मला मोलाचे वाटते. मात्र बहुसंख्यांना नुसत्या पैशाने सोडवता आले नाही, म्हणून समुपदेशन आणि औषधोपचार यांची तरतूदही मालकाने केलीच पाहिजे. आपल्या कचेरीत अशी सोय नसेल, तर वाचकहो, १८००-११-२३५६ या राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनीवर आजच सल्ला मागा.