पैशांची देवघेव

१ जून १९४८ या दिवशी अहमदनगरहून एक मोटारगाडी पुण्यास जाण्यासाठी निघाली. राज्य परिवहनाची, म्हणजे आपण जिला एसटी म्हणतो तिची, ही पहिली गाडी होय. लक्ष्मण केवटे हे तिचे वाहक होते. त्यानंतर गाड्या बदलल्या, रस्ते रुंद झाले आणि २०२४ साली जिल्ह्यासही अहिल्यानगर हे नाव मिळाले. परंतु वाहकाचे मुख्य काम मात्र तेच राहिले आहे. प्रवाशाकडून भाडे घ्यावयाचे, तिकीट द्यावयाचे आणि उरलेले पैसे परत करावयाचे.

वाहक हा चालत्या गाडीतला रोखपालच असतो. बँकेतील रोखपालापुढे मेज असते, दिवा असतो आणि रांगेतील माणसे एकामागून एक येतात. वाहकाच्या वाट्याला यांपैकी काहीही येत नाही. आसनाच्या दांडीला पाठ टेकवून, खांद्यावरची चामडी पिशवी सांभाळत, तो उभ्याउभ्याच हिशेब करतो. गाडी हिसके देत असते, चोहोंकडून नोटा पुढे येत असतात आणि पुढचा थांबा जवळ आलेला असतो. अशा घाईत चूक होणे किती सोपे आहे! म्हणून पैशांच्या देवघेवीची शिस्त समजून घ्यावयाची असेल, तर एसटीच्या गाडीसारखी दुसरी शाळा नाही.

रोख पैशाला साक्षीदार नसतो. नोटेवर ती कोणी दिली हे लिहिलेले नसते. ती एकदा पिशवीत किंवा गल्ल्यात पडली, की इतर नोटांत मिसळून जाते. मग प्रवासी म्हणतो, "मी दोनशेची नोट दिली होती." वाहक म्हणतो, "नाही, शंभराची होती." दोघेही खरे बोलत आहेत असे दोघांनाही मनापासून वाटत असते, आणि निवाडा करण्यास कोणताच पुरावा उरत नाही. सारी गाडी त्या दोघांकडे पाहू लागते, आणि एक जण तरी उगीचच खोटा ठरतो.

हे टाळण्यासाठी जुन्या दुकानदारांनी आणि रोखपालांनी काही साध्या रीती पाडल्या आहेत. देणाऱ्याने नोट घडी करून देऊ नये. ती उलगडून, दिसेल अशी धरावी आणि तोंडाने सांगावे, "ही शंभराची." घेणाऱ्याने तोच आकडा उच्चारावा आणि मोड परत करून होईपर्यंत ती नोट वेगळी, डोळ्यांसमोर ठेवावी. आकडा दोघांनी उच्चारला, की ती गोष्ट दोघांत पक्की होते.

मोड परत करण्याचीही एक सुंदर पद्धत आहे. समजा, दोन तिकिटांचे ६५ रुपये झाले आणि प्रवाशाने शंभराची नोट दिली. शंभरातून पासष्ट वजा करीत बसण्याऐवजी अनुभवी वाहक पासष्टापासून पुढे मोजू लागतो. पाच रुपयांचे नाणे हातावर ठेवून तो म्हणतो, "सत्तर." दहाची नोट ठेवून, "ऐंशी." वीसची नोट ठेवून, "आणि हे शंभर." बेरीज नोटेच्या आकड्याला येऊन मिळाली, की हिशेब संपला. यात वजाबाकी करावी लागत नाही, आणि प्रवाशालाही प्रत्येक पायरी ऐकू येते. तुम्ही घरातल्या एखाद्या किराणा यादीवर हा प्रयोग अवश्य करून पाहा.

परत मिळालेले पैसे तेथल्या तेथे मोजून घ्यावेत. जागा सोडण्यापूर्वी रक्कम मोजून घ्यावी, अशी पाटी तुम्ही बँकेत पाहिली असेल. पुष्कळांना समोर मोजणे अवघड वाटते. आपण संशय घेतो असे समोरच्याला वाटेल, ही त्यांची भीती. पण मोजण्याने अविश्वास दिसत नाही; समोरच्याला पुढच्या संशयातून मुक्त करण्याचा तो मार्ग आहे. घरी जाऊन मोजल्यावर वीस रुपये कमी भरले तर मनात कोणाविषयी वाईट येईल? दुकानदाराविषयीच. आणि त्या बिचाऱ्याला आपली बाजू मांडण्याची संधीही मिळणार नाही.

नेवासे तालुक्यातील घोडेगावचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. अशा बाजारांत बैलाचा भाव रुमालाखाली किंवा उपरण्याखाली, एकमेकांची बोटे दाबून ठरविण्याची जुनी चाल आहे. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही आकडा कळत नाही. परंतु सौदा ठरला, की पैसे मात्र रुमालाबाहेर, उघड्यावर मोजले जातात. भाव झाकलेला चालतो, मोजणी झाकलेली चालत नाही. बाजारातल्या माणसांनी केलेला हा भेद मला फार शहाणपणाचा वाटतो.

मोडीचा प्रश्न सर्वांत बिकट झाला तो १९५७ साली. त्यापूर्वी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे होत. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. काही काळ जुनी आणि नवी अशी दोन्ही नाणी बाजारात एकदमच चालत होती. चार आण्यांचे पंचवीस नवे पैसे होत, यात अडचण नव्हती. पण एका आण्याचे होत सव्वासहा! सव्वासहाचे नाणे कोठून आणावयाचे? म्हणून सरकारने कोष्टक ठरवून दिले. एका आण्याचे ६ नवे पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५. आता पाहा, एका आण्याची वस्तू तीन वेळा वेगवेगळी घेतली तर १८ नवे पैसे लागत, आणि तिन्ही एकदम घेतल्या तर १९. एका पैशाचा हा फरक विक्रेत्याला गिऱ्हाइकाच्या गळी उतरवावा लागे, आणि तो शांतपणे समजावून सांगणे सोपे नव्हते. पुढे १ जून १९६४ रोजी 'नवा' हा शब्द गळून पडला आणि केवळ पैसा उरला. आता तर पंचवीस पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातूनच गेली आहेत.

सुटे पैसे द्यावेत, अशी सूचना एसटीत पुष्कळदा ऐकू येते. ती केवळ वाहकाच्या सोयीसाठी नाही. सकाळच्या पहिल्या फेरीला त्याच्या पिशवीत मोड थोडी असते. पहिल्या दहा प्रवाशांनी पाचशेच्या नोटा पुढे केल्या, तर अकराव्याला देण्यास त्याच्याजवळ काय उरणार? अशा वेळी वाहक तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो आणि उतरण्यापूर्वी मागून घ्या, असे सांगतो. लिहिलेला हा आकडा म्हणजे त्याचे वचनच होय. प्रवाशाने ते तिकीट जपावे, आणि थांबा येण्यापूर्वीच आठवण करावी. गाडी सुटताना धावत मागू नये. वाहकानेही आठवण करून दिल्याबद्दल रागावू नये. बाजारहाट करून परतणाऱ्या म्हातारीला त्या पाच रुपयांचे मोल अधिक असते. दुकानदारांची एक सवय मात्र अजिबात पटत नाही. दोन रुपये परत देण्याऐवजी ते न मागितलेली गोळी हातावर ठेवतात. गोळी म्हणजे काही नाणे नव्हे. तीच गोळी उद्या आपण किंमत म्हणून दिली, तर दुकानदार घेईल काय?

नाणी नाकारणेही योग्य नाही. दहा रुपयांचे नाणे खोटे आहे अशी अफवा मध्यंतरी पसरली आणि कित्येक दुकानदार ते घेईनात. तेव्हा रिझर्व्ह बँकेने २०१८ साली स्पष्ट केले, की दहा रुपयांच्या नाण्याचे चौदा नमुने निघाले असून ते सर्व चालू आहेत. नाण्यांना मर्यादाही आहे. २०११ च्या कायद्याप्रमाणे एक रुपया व त्यावरील नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंतच स्वीकारण्याचे बंधन असते. नोट फाटली असेल तर ती घड्यांत लपवून दुसऱ्याच्या माथी मारू नये. बँकेत ती नियमाप्रमाणे बदलून मिळते.

वाहकाला दिवसाच्या शेवटी आगारात हिशेब द्यावा लागतो. तिकिटे जितक्या रकमेची गेली, तितकी रक्कम भरावी लागते. कमी भरली तर तूट त्याच्या पदरची जाते. एखाद्या थकलेल्या वाहकाने आपल्याला चुकून दहा रुपये अधिक दिले, तर ते कोणा अदृश्य सरकारच्या तिजोरीतून आलेले नसतात, हे तुमच्या ध्यानात आले असेल.

पैसे हातात द्यावेत, मेजावर भिरकावू नयेत. दिवसाच्या पहिल्या विक्रीस आपल्याकडे 'भवानी' म्हणतात, आणि पुष्कळ दुकानदार ते पैसे कपाळाला लावून मगच गल्ल्यात टाकतात. ज्याला आपण नमस्कार करतो ते फेकावयाचे कसे? अंध गिऱ्हाईक असेल तर प्रत्येक नोट तिचे नाव घेऊन त्याच्या हातात ठेवावी. शंभराच्या नोटेच्या कडांना चार उंचावलेल्या रेघा असतात, पाचशेच्या नोटेला पाच. बोटांनी त्या चाचपून पाहण्यास त्याला वेळ द्यावा. मागच्या रांगेने घाई करू नये.

आता एसटीतही भ्रमणध्वनीवरून भाडे देता येते आणि मोडीचा प्रश्न तेथे उरत नाही. परंतु पाठविण्यापूर्वी घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम पाहावीच लागते. एक शून्य अधिक पडले तर पैसे परत मिळविणे नोटेपेक्षाही कठीण. दुकानांतून यासाठी एक लहानशी पेटी ठेवलेली असते. पैसे जमा होताच ती सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात रक्कम उच्चारते, आणि दुकानदार मान हलवून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.