शाळा आणि अपेक्षा (लेखांक सहावा) : निष्पत्तीची जबाबदारी कोणाची?

मागील लेखांकात अभ्यासक्रम आणि पाठ्यपुस्तक यांतील भेद आपण पाहिला. पाठ्यपुस्तक हे केवळ साधन. अमुक इयत्तेच्या अखेरीस मुलाला काय यावे हे सांगणारा दस्तऐवज त्याहून निराळा, आणि आज त्याला ‘अध्ययन निष्पत्ती’ असे नाव आहे, इथवर आपण आलो होतो. आता हाती घ्यावयाचा प्रश्न असा की, ही अपेक्षा मुळात कोणाकडून आहे: मुलाकडून, गुरुजींकडून, की ज्या सरकारने ती लिहून काढून आपल्या शिक्क्यानिशी शाळाशाळांत धाडली त्या सरकारकडून? जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील शाळा डोळ्यांपुढे ठेवल्या म्हणजे हा प्रश्न नुसता तात्त्विक राहत नाही.

अपेक्षा इयत्तावार लिहून काढण्याची कल्पना जुनी आहे. इंग्लंडात 1862 साली रॉबर्ट लो यांच्या सुधारित संहितेने वाचन, लेखन व अंकगणित यांच्या सहा पायऱ्या ठरविल्या, आणि तपासनीसाने एकेका मुलाची परीक्षा घेऊन जितकी मुले उत्तीर्ण होतील तितके अनुदान शाळेस द्यावे, असा शिरस्ता घातला. निकालावर अनुदान देण्याची ही पद्धत पुढे मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांपर्यंत आली. तो काळ असा की, सबंध खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याची मुख्य कचेरी धुळ्यास होती. पूर्व व पश्चिम अशी फाळणी 1906 साली झाली. या पद्धतीतील वैगुण्य ज्यांनी वेळीच ओळखले त्यांत महात्मा जोतीराव फुले अग्रगण्य होत. 1882 साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली; मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य असा अभ्यासक्रम सुचविला; आणि ज्या समाजात शिक्षणाची गोडीच अद्यापि उत्पन्न झालेली नाही त्या गरीब समाजाला केवळ निकालावर अनुदान देण्याची रीत मानवणार नाही, हेही स्पष्ट बजावले. ज्याच्या घरी पुस्तक नाही त्याच्या नापास होण्याचा दंड त्याच्याच गावच्या शाळेने भरावा, आणि दंड भरून दुबळ्या झालेल्या शाळेत त्याने पुन्हा नापास व्हावे, या दुष्टचक्राची जाण त्या निवेदनात स्पष्ट दिसते.

स्वातंत्र्योत्तर काळातील प्रयत्नांपैकी एकच येथे घेतो, कारण आजच्या व्यवस्थेचे मूळ त्यात आहे. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर डॉ. आर. एच. दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1991 साली पहिली ते पाचवीसाठी भाषा, गणित व परिसर अभ्यास या विषयांतील ‘किमान अध्ययन क्षमता’ निश्चित केल्या, आणि महाराष्ट्राचा 1995 चा प्राथमिक अभ्यासक्रम त्या पायावर उभा राहिला. प्रत्येक क्षमतेला क्रमांक होता. हे क्रमांक, त्यांचे तक्ते आणि तक्त्यांतील खुणा त्या पिढीच्या गुरुजींच्या अंगवळणी पडल्या होत्या. परंतु या क्रमांकांच्या गर्दीत एक महत्त्वाची गोष्ट झाकली गेली: वर्गातील निदान 80 टक्के मुलांनी निदान 80 टक्के क्षमता प्राप्त कराव्यात, हे समितीचे प्रभुत्वाचे परिमाण मुलाला लावावयाचे नसून वर्गाला लावावयाचे होते. दहांपैकी आठ मुले जेथे पोहोचत नाहीत तेथे शिकविण्यात, साधनांत किंवा अपेक्षेतच काही चुकते आहे, असा त्याचा अर्थ होता. प्रत्यक्षात तक्त्यात मुलाचे नाव राहिले आणि त्यासमोर फुली राहिली.

आता कायद्याकडे वळू. 2009 चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, जो 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला, तो या दृष्टीने मुळातून वाचण्याजोगा आहे. त्याच्या 8 व्या व 9 व्या कलमांनी चांगल्या दर्जाच्या शिक्षणाची हमी देणे हे अनुक्रमे सरकारचे व स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरविले. 10 व्या कलमाने मुलाला शाळेत दाखल करणे हे पालकाचे कर्तव्य ठरविले. 24 व्या कलमाने अभ्यासक्रम मुदतीत पूर्ण करणे, प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत पारखणे आणि ज्याला आवश्यक असेल त्याला जादा शिकविणे ही शिक्षकाची कर्तव्ये ठरविली. खुद्द मुलाच्या वाट्याला या अधिनियमाने कर्तव्य ठेवलेले नाही. त्याच्या वाट्याला हक्क आहे. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राच्या नियमांत दुरुस्ती होऊन इयत्तावार व विषयवार अध्ययन निष्पत्ती तयार करणे बंधनकारक झाले, ते या चौकटीत. म्हणून तिसरीच्या मुलाने तीन अंकी संख्या वाचावी-लिहावी, असे जेव्हा त्या दस्तऐवजात लिहिलेले असते तेव्हा ते मुलाला दिलेले फर्मान नसून, तिसरी संपेपर्यंत आम्ही तुला इतके शिकवून देऊ असे राज्यसंस्थेने त्याला दिलेले लेखी वचन आहे, असाच त्याचा अर्थ लावला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

या वचनाची कसोटी खानदेशात प्रथम लागते ती भाषेच्या ठिकाणी. धुळे जिल्ह्यात आणि जळगावच्या पश्चिम भागात मूल घरून अहिराणी घेऊन येते, पूर्वेकडे तावडी किंवा लेवा गणबोली घेऊन येते. सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांत पावरी घेऊन येते, आणि साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात कोकणा, मावची किंवा भिलोरी. अहिराणी बोलणारे मूल ‘गावना रस्ता’ म्हणते, ‘माले’ म्हणते. विभक्तीचा प्रत्यय कोठे व कसा लावावा हे ज्ञान त्याला पूर्णपणे अवगत आहे याचा तो पुरावा आहे. केवळ प्रत्ययाचे रूप पुस्तकातल्याहून वेगळे आहे. परंतु वहीत या शब्दांखाली लाल रेघ ओढली जाते, आणि भाषा येणाऱ्या मुलाची नोंद भाषा न येणारा अशी होते. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांची कविता 1952 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्यापासून मराठी वाचकाने शिरोधार्य मानली आणि तिला पाठ्यपुस्तकांत मानाचे स्थान मिळाले. ती ज्या बोलीत रचली गेली ती बोली कवितेच्या पानावर गौरवास्पद ठरावी आणि त्याच वर्गातील मुलाच्या निबंधात मात्र अशुद्ध ठरावी, ही विसंगती आपण किती काळ चालू देणार?

याहून खेदाची गोष्ट अशी की, खुद्द निष्पत्तींचा दस्तऐवज येथे मुलाच्या बाजूने उभा आहे. 2017 सालच्या राष्ट्रीय मसुद्यात पहिलीच्या हिंदीसाठी ज्या भाषाविषयक निष्पत्ती दिल्या आहेत, त्यांत मुलाने निरनिराळ्या प्रयोजनांसाठी आपल्या भाषेत किंवा शाळेच्या भाषेत, अथवा दोहोंत, संभाषण करणे हीच निष्पत्ती मानली आहे. अधिनियमाचे 29 वे कलमही शक्य तेथवर माध्यम मुलाची मातृभाषा असावी असे सांगते. मग 2021 साली निपुण भारत अभियान आले. त्याने दुसरीच्या अखेरीस मिनिटाला 45 ते 60 शब्द आणि तिसरीच्या अखेरीस निदान 60 शब्द अर्थ समजून वाचता यावेत असे लक्ष्य ठरविले, आणि त्यासाठी 2026-27 ही मुदत घातली. या लक्ष्यात ‘अर्थ समजून’ या दोन शब्दांना सर्वांत अधिक महत्त्व आहे. परंतु घड्याळ लावून मोजता येतात ते शब्द, अर्थ मोजता येत नाही, आणि त्यामुळे तपासणीच्या वेळी जे मोजता येते तेच शिल्लक राहते. पावरी बोलणारे मूल मराठी अक्षरे जोडून साठ शब्द धडाधड उच्चारू शकेल आणि त्यांतील दहांचाही अर्थ त्याला ठाऊक नसेल. त्याला पहिली दोन वर्षे पावरी समजणारा गुरुजी किंवा गुरुजींच्या जोडीला गावातील एखादी शिकलेली तरुणी मिळाली, तर तोच वेग अर्थासह येईल. निष्पत्तीच्या तक्त्यात या तरतुदीचा रकाना नाही. माझ्या मते तो पहिलाच असावयास हवा.

दुसरी कसोटी हंगामाची. अधिनियमाने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 200 दिवस व 800 तास, आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस व 1000 तास अध्यापन ठरविले आहे. निष्पत्तीची सर्व गणिते या तासांवर आधारलेली असतात. परंतु कपाशीची वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास जोरात येते, तेव्हा घरातील थोरली मुले वावरात असतात आणि त्यांच्या मागे धाकट्यांना सांभाळणारीही घरीच असतात. दिवाळी होताच कित्येक कुटुंबे बिऱ्हाडासह ऊसतोडीस निघतात. हंगामी वसतिगृहे आणि स्थलांतरित मुलांसाठीचे शिक्षण हमी कार्ड या सरकारी योजना योग्य आहेत. पण होळीनंतर परतणाऱ्या मुलाचे बुडालेले तास कोणी, कोणत्या वेळी भरून काढावयाचे, याची व्यवस्था गावपातळीवर लागल्यावाचून त्या योजना दफ्तरातच राहतील. येथे एक गोष्ट नोंदविण्याजोगी आहे. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाची चाचणी 2017 साली 13 नोव्हेंबरला आणि 2021 साली 12 नोव्हेंबरला झाली. म्हणजे दोन्ही खेपांस ती वेचणीच्या ऐन हंगामात आली. त्या दिवशी वर्गात जे मूल हजर असेल त्याचीच नोंद होणार, हे उघड आहे.

तरीही त्या सर्वेक्षणाची घडण मला न्याय्य वाटते, कारण ते नमुन्यादाखल काही शाळा घेऊन जिल्ह्याचा अहवाल देते, एकट्या मुलाला गुणपत्रक देत नाही. जिल्हा कोठे कमी पडतो हे त्यातून कळते आणि उत्तर जिल्ह्याला द्यावे लागते. याच्या नेमके उलट पाऊल 2019 च्या दुरुस्तीने पडले. पाचवी व आठवीत परीक्षा घेऊन मुलाला त्याच इयत्तेत ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, आणि महाराष्ट्राने 2023-24 पासून ती अंमलात आणली. पुनर्परीक्षेची सोय त्यात आहे, हे मान्य. परंतु 24 व्या कलमाप्रमाणे त्या मुलाला जादा शिकविले गेले होते की नाही, याची रुजवात न करता त्याला मागे ठेवणे म्हणजे वचन देणाऱ्याने वचन मोडावे आणि दंड मात्र ज्याला वचन दिले त्याच्याकडून वसूल करावा, असे होय.

यावर गावाच्या हाती काही उपाय आहे काय? आहे, आणि तो कायद्यातच आहे. 21 व्या कलमाप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, आणि 22 व्या कलमाप्रमाणे त्या समितीने केलेला शाळा विकास आराखडा हा अनुदानाचा आधार मानावयाचा असतो. हा आराखडा बहुधा भिंत, पत्रे आणि पाण्याची टाकी यांवर संपतो. त्यात वर्गातील किती मुलांची घरची बोली कोणती, किती मुले हंगामात बाहेर जातात, कोणत्या महिन्यात परततात, त्यांच्यासाठी जादा वर्ग कोण घेणार आणि त्याचा मोबदला कोठून देणार, एवढे लिहून तो तालुक्याला पाठविण्यास कोणाच्याही परवानगीची आवश्यकता नाही. मात्र हे लिहावयाचे तर मुलाची खरी स्थिती सांगणाऱ्या नोंदी गुरुजींपाशी असावयास हव्यात, आणि सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील वर्णनात्मक नोंदी आज ज्या रीतीने लिहिल्या जातात त्या रीतीने त्या स्थितीचा पत्ता लागत नाही. त्या नोंदी कशा लिहाव्यात, याचा विचार पुढील लेखांकात करू.