अर्ध्याचा होतो अख्खा!

कणकेचा गोळा मधोमध कापला तर काय मिळेल? दोन अर्धे गोळे. पण कापल्यावर दोन अख्खे गोळे मिळाले तर? चुंबकांच्या दुनियेत असं खरोखर घडतं बरं का, दोस्तांनो!

१९६० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये अँड्र्यू बोबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकाची माहिती साठवणारी एक भन्नाट मेमरी शोधली. तिच्यात गार्नेट नावाच्या पदार्थाचा अगदी पातळ, पारदर्शक थर असतो. या थरात काही मायक्रोमीटरचे गोल ठिपके असतात. त्यांच्या चुंबकत्वाची दिशा भोवतालच्या थराच्या बरोब्बर उलट. हेच चुंबकी बुडबुडे! बुडबुडा असला की १, नसला की ०. वीज गेली तरी जवळचा कायमचा चुंबक त्यांना सांभाळतो.

चुंबकीय क्षेत्र गोल फिरवलं की हे बुडबुडे थरावरच्या धातूच्या चिमुकल्या खुणांखालून रांगेने पुढे सरकतात. वाचताना मात्र पंचाईत होते. बुडबुड्याचं चुंबकत्व इतकं क्षीण, की ते ओळखण्यासाठी त्याला ताणून चांगलं लांबरुंद करावं लागतं. ओळख पटली की त्याला पुसून टाकतात. मग माहिती गेलीच की!

म्हणून आधी त्याची नक्कल काढतात. बुडबुडा धातूच्या एका खुणेखाली ताणला जातो आणि लांबट होतो. त्याच्यावरून यू आकाराची बारीकशी तार गेलेली असते. तिच्यातून क्षणभर वीज सोडली, की बुडबुड्याचे मधोमध दोन तुकडे! एक वाचनासाठी जातो, दुसरा आपल्या रांगेत परततो.

आणि दोन्ही तुकडे लगेच फुगून पूर्ण आकाराचे होतात. का? कारण बुडबुडा किती मोठा असावा, हे तो कशातून तुटला यावर नाही, तर त्या कायमच्या चुंबकाच्या जोरावर ठरतं.

नवी माहिती लिहितानाही हीच युक्ती. एक ‘बीज’ बुडबुडा कायम तयार असतो. त्याचा तुकडा तोडला की नवा बुडबुडा हजर, आणि बीज पुन्हा जसंच्या तसं!

इंटेलच्या ७११० या चिपमध्ये असे दहा लाखांहून जास्त बिट, म्हणजे १ किंवा ०, मावत. १९८२ च्या ग्रिड कंपास लॅपटॉपमध्ये बुडबुड्यांचीच मेमरी होती, आणि हा लॅपटॉप स्पेस शटलमधून अंतराळातही गेला. पुढे हार्ड डिस्क आणि सिलिकॉनच्या चिप स्वस्त झाल्या आणि ही मेमरी मागे पडली.

आता एक कोडं. बुडबुडे पळतात, तुटतात, फुगतात. पण गार्नेटचा एकही अणू जागचा हलत नाही. मग पळतं काय? फक्त चुंबकत्वाची दिशा. म्हणून तर तिची नक्कल काढायला नवा कणभरही पदार्थ लागत नाही!