अर्जित रजा आणि सुटलेली नोकरी

‘रजा’ हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. मूळ अर्थ संमती. रजा म्हणजे धन्याने दिलेली परवानगी, हा भाव त्याला अद्याप चिकटलेला आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. तथापि पगारी वार्षिक रजेची तरतूद कारखाने कायद्यात १९४५ च्या दुरुस्तीने आली. १९४८ च्या कायद्याने केलेल्या कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस असे प्रमाण ठरविले. येथे रजा ही कृपा न राहता कमाई झाली. ‘अर्जित रजा’ या संज्ञेचा आशय हाच.

नोकरी सुटल्यास या कमाईचे काय होते? येथे दोन अवस्थांत भेद केला पाहिजे. ‘ले-ऑफ’मध्ये काम तात्पुरते थांबते, पण कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम असते. त्याची शिल्लक रजा तशीच राहते. हे दिवस रजेच्या पात्रतेसाठी हिशेबात धरले जातात, मात्र त्या दिवसांवर नवी रजा मिळत नाही. कामगारकपातीत नोकरीच संपते. तेव्हा न घेतलेल्या रजेचे वेतन रोखीने देणे मालकावर बंधनकारक ठरते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या श्रमसंहितांनीही हे तत्त्व राखले आहे. वार्षिक पात्रता २४० दिवसांवरून १८० वर आली. वर्षाच्या मध्येच कामावरून दूर केलेल्या कामगाराने तेवढे दिवस भरले नसले, तरी त्याचा हक्क बुडत नाही. समजा, मागील वर्षाची बारा दिवसांची रजा शिल्लक आहे, चालू वर्षी शंभर दिवस काम झाले आणि तीन दिवस रजा घेतली. तर बारा अधिक पाच, वजा तीन, म्हणजे चौदा दिवसांचे वेतन देय होते. ते दुसरा कामकाजाचा दिवस संपण्यापूर्वी दिले पाहिजे. कपातीची भरपाई याहून निराळी: ती नोकरी गेल्याबद्दल असते, हे झालेल्या श्रमाचे येणे.

झाशी जिल्ह्यातील टहरौलीहून दूरच्या कारखान्यात गेलेल्या मजुरालाही हाच नियम लागू आहे. काम सुटताच गावाची वाट धरणाऱ्याने निघण्यापूर्वी रजेचा हिशेब लेखी मागावा. परवानगी मागावी लागते. कमाई मागून घ्यावयाची असते.