गोल विणकामांतील पट्टे आणि कांठ



पौषाच्या पहाटे पुण्याचा पारा दहा अंशांच्या खालीं उतरला म्हणजे घरोघरच्या ट्रंकांतून कानटोप्या बाहेर पडतात. पर्वतीच्या पायऱ्या चढणाऱ्या वृद्धांपासून पाळण्यांतील तान्ह्या बाळापर्यंत सर्वांचीं डोकीं लोकरीनें झांकलीं जातात. घरीं विणलेल्या या टोप्या निरखून पाहिल्या तर दोन दोष वारंवार आढळतात. रंगीत पट्टा मागील बाजूस आपल्याच टोंकाशीं मिळत नाहीं, तेथें एक पायरी पडते. आणि कांठ इतका आवळ असतो कीं कपाळावर वळ उठतो. पहिला दोष डोळ्यांस खुपतो, दुसरा अंगास. आणि अंगास खुपणारी टोपी दुसऱ्याच दिवशीं पुन्हां ट्रंकेंत जाते. ज्या पुण्यांत १८८४ सालीं हुजूरपागेची शाळा निघाली आणि १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें सेवासदन उभें राहिलें, तेथें सुईदोऱ्याचें शिक्षण नवें नाहीं. तरीहि हे दोष राहतात, कारण टाके हातानें शिकले जातात, त्यांमागील कारण क्वचितच विचारलें जातें.

प्रथम पट्टे घेऊं. सपाट विणकामांत ओळ संपते, काम उलटावें लागतें आणि नवी ओळ सुरू होते. गोल विणकामांत तसें होत नाहीं. चार सुयांवर विणा वा गोल सुईवर विणा, फेरा कधीं मिटतच नाहीं. हातांतील बांगड्यांप्रमाणें फेरे एकावर एक बसत आहेत असें आपणांस वाटतें. वास्तविक एकच धागा मळसूत्राप्रमाणें वर चढत असतो. वर्तुळाचा आरंभ व अंत एकाच बिंदूंत मिळतात. मळसूत्राचा वेढा मात्र जेथें निघाला त्याच्या वर येऊन पोंचतो. एकरंगी कामांत हें अंतर लपतें. तांबड्यावर पांढरा पट्टा आला कीं तें उघडें पडतें.

यावर उपाय सोपा आहे. नव्या रंगाचा पहिला फेरा नेहमींप्रमाणें विणावा. दुसऱ्या फेऱ्याचा पहिला टाका मात्र विणूं नये. उलट टाक्यासाठीं घालतो तशी सुई घालून तो नुसता उजव्या सुईवर घ्यावा आणि पुढें विणीत जावें. हा एक टाका ताणला जाऊन दोन फेऱ्यांची उंची व्यापतो व पायरी जवळजवळ नाहींशी होते. त्या उभ्या रांगेंत एक टाका कमी पडतो. म्हणून पट्टे पुष्कळ असल्यास प्रत्येक पट्ट्याचा आरंभ एक टाका पुढें सरकवावा.

एकेका फेऱ्याचेच पट्टे हवे असतील तर मळसूत्राशीं भांडण सोडून त्याचाच उपयोग करावा. तांबड्या धाग्यानें विणीत पांढरा धागा लोंबत असेल तेथवर यावें, तांबडा सोडावा व पांढरा उचलावा. धाग्यांस एकमेकांचा पीळ देऊं नये, आणि पहिला टाका ओढून घट्ट करूं नये. दोन्ही धागे एकमेकांमागून चढत जातात. पायरी पडण्यास जागाच उरत नाहीं.

आतां कांठाकडे वळूं. दोन सुलट, दोन उलट या विणीचा पट्टा पेटीच्या भात्यासारखा असतो. सुलट टाक्यांच्या रांगा पुढें येतात, उलट टाक्यांच्या मागें सरतात. ओढलें कीं घड्या उलगडतात. परंतु एक टाका दुसऱ्यावरून उतरवीत नेहमींच्या रीतीनें टाके बंद केले कीं कांठावर सांखळी तयार होते. भात्याच्या तोंडाशीं दोरी बांधली तर तो उघडणार किती? कांठ ताणला जावा यासाठीं त्या सांखळींत धागा शिल्लक पाहिजे.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. बाळाच्या डोक्याचा घेर जन्मतः सुमारें ३४ सेंटिमीटर असतो व वर्षाच्या शेवटीं तो सुमारें ४५ होतो. आवळ कांठाचें टोपडें कांहीं महिन्यांतच निरुपयोगी ठरतें. पायमोज्याचेंहि तेंच, त्याचें तोंड घोट्यावर बसतें, पण तेथें पोंचण्यापूर्वीं तें टाचेवरून गेलें पाहिजे.

म्हणून टोपी कांठापासून आरंभावयाची असेल तर टाके एक-दोन क्रमांक जाड सुईवर, मध्यें थोडें अंतर ठेवून घालावेत. कांठ शेवटीं येत असेल तर एलिझाबेथ झिमरमन या विणकामतज्ज्ञ बाईंच्या नांवानें ओळखली जाणारी रीत वापरावी. कांठाच्या तिप्पट लांबीचा धागा तोडून तो शिवण्याच्या बोथट सुईंत ओंवावा. पहिल्या दोन टाक्यांतून सुई उजवीकडून डावीकडे काढावी. मग पहिल्या टाक्यांतून डावीकडून उजवीकडे परत आणावी आणि तो टाका उतरवावा. दुसरी रीत जेनी स्टेमन यांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केली. तींत प्रत्येक टाक्यापूर्वीं सुईवर धाग्याचा एक जादा वेढा घेऊन तो त्या टाक्यावरून उतरवितात, व नंतर टाका बंद करितात. हा जादा वेढा म्हणजेच शिल्लक धागा होय.

शेवटचें टोंक दडविण्यापूर्वीं टोपी ज्याची त्याच्या डोक्यावर घालून पाहावी. कांठाखालीं दोन बोटें सहज शिरत नसतील तर तेवढा कांठ उसवून पुन्हां बंद करावा. अर्ध्या तासाचें हें काम आहे. त्याच्या आळसानें महिनाभराची मेहनत ट्रंकेंत पडून राहूं देऊं नये.