वर्तमानकाळ, नागपुरी बोलीतील

नागपूर व त्याच्या भोवतालच्या प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या मराठीत साध्या वर्तमानकाळाची काही रूपे प्रमाण मराठीहून भिन्न होतात. ‘तो जाते’, ‘तो म्हणते’ ही त्यांतील सर्वपरिचित रूपे होत. अन्यत्र ती अशुद्ध समजून त्यांची थट्टा केली जाते. वस्तुतः ती नियमबद्ध आहेत. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणातील मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडीबरोबर नागपुरीचीही नोंद आहे.

प्रमाण मराठीत ‘तो करतो’, ‘ती करते’ अशी रूपे लिंगानुसार बदलतात. क्रियापदाने कर्त्याचे लिंग दाखवावे, ही गोष्ट सर्व भाषांत आढळत नाही. स्पॅनिशमध्ये ‘कान्तार’ (गाणे) या नियमित क्रियापदाची वर्तमानकाळी रूपे कान्तो, कान्तास, कान्ता, कान्तामोस, कान्ताइस, कान्तान अशी होतात. त्यांतून केवळ पुरुष व वचन कळते. ‘तो गातो’ आणि ‘ती गाते’ या दोहोंसाठी ‘कान्ता’ हे एकच रूप. हे प्रत्यय लॅटिनमधून आलेले असून संस्कृतातील ‘-सि’, ‘-ति’, ‘-न्ति’ यांचे ते दूरचे सगोत्र होत. त्या संस्कृत प्रत्ययांपासून प्राकृतातून आलेला वर्तमानकाळ जुन्या मराठीतही होता. मात्र ‘तो करी’ हे त्याचे रूप पुढे रीतिभूतकाळाचे वाचक बनले व वर्तमानकाळाची जागा ‘करत’ या धातुसाधितापासून बनलेल्या रूपांनी घेतली. धातुसाधित मुळात विशेषणवत्, त्यामुळे त्याच्याबरोबर लिंगभेदही क्रियापदात शिरला.

हा भेद प्रमाण मराठीनेही सर्वत्र पाळलेला नाही. ‘आम्ही करतो’, ‘तुम्ही करता’ ही रूपे स्त्रीपुरुषांना सारखीच लागू पडतात. ‘ते करतात’, ‘त्या करतात’ यांतही क्रियापद एकच. नागपुरीने तृतीय पुरुषी एकवचनातही तेच केले, एवढेच. शाळेत ‘तो करते’ हे लेखनात सुधारणे योग्यच; पण ते रूप वापरणाऱ्या मुलाला व्याकरण येत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

चालू क्रियेसाठी नागपुरीत ‘राहणे’ या सहायक क्रियापदाचा उपयोग होतो : ‘तो जाऊन राहिला’ म्हणजे ‘तो जात आहे’. रचनेचे हिंदी ‘जा रहा है’शी साम्य उघड आहे. १८६१ पासून १९५६ पर्यंत नागपूर हे हिंदी व मराठी भाषिकांच्या संयुक्त प्रांताचे राजधानीचे शहर होते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. विशेष म्हणजे ‘ती जाऊन राहिली’ या रूपात साध्या वर्तमानकाळात लोपलेला लिंगभेद पुन्हा प्रकट होतो.