गंधकाची जागल

शेंदूरजनाघाटच्या माणसाला संत्र्याचे गुण काय सांगायचे! पण संत्र्यातलं 'क' जीवनसत्त्व शरीरात एकटं राबत नाही. आपल्या पेशींत ऑक्सिजनपासून काही आततायी रेणू सतत तयार होतात. ते जनुकांच्या धाग्यालाही डागतात. डाग दुरुस्त झाला नाही तर पेशीच्या वंशात चूक उतरते. त्यांना अडवताना 'क' जीवनसत्त्व खर्ची पडतं. त्याला पुन्हा उभं करायला मदत करतं ग्लुटाथायोन. हे नाव हॉपकिन्स यांनी १९२१ साली दिलं. या रेणूची सारी मदार गंधकावर. त्याचा कच्चा माल डाळी, अंडी, दूध यांतून मिळतो. लसणाच्या वासातही गंधकच आहे, पण लसणानं कर्करोग टळतो हे माणसांत सिद्ध झालेलं नाही.

जागल्या संपला तर? पॅरासिटामॉल प्रमाणाबाहेर पोटात गेलं की यकृतातलं ग्लुटाथायोन आटतं. दवाखान्यात उतारा देतात तो ॲसिटाइलसिस्टीनचा, तोही गंधकवालाच. पहिल्या ८ तासांत दिला तर यकृत बहुधा वाचतं. अडचण एवढीच, की पहिल्या दिवशी माणूस ठणठणीत दिसतो आणि घरचे म्हणतात, उद्या पाहू.